फुटलेली जहाजे आणि फोडलेले गठ्ठे



 

नाणकशास्त्राच्या या परिषदेच्या अध्यक्षाने वर्षभरातील संशोधनाचा आढावा घ्यावा असा आपल्याकडे रिवाज आहे. सातवाहनांची शिशाची नाणी, शिवराईच्या छापांची वर्गवारी, पेशवेकालीन टांकसाळींची दप्तरे या विषयांवरचे निबंध आपण आज आणि उद्या ऐकणारच आहात. ते ज्यांनी लिहिले आहेत ते माझ्यापेक्षा त्यांविषयी अधिक अधिकाराने बोलतील. म्हणून आढाव्याची मजल इथवरच ठेवून, जी गोष्ट अनेक वर्षे माझ्या मनात घर करून आहे आणि जी बोलून दाखविण्यास याहून योग्य व्यासपीठ मला पुन्हा मिळेलच अशी खात्री माझ्या वयाला देता येत नाही, ती आज मांडण्याची अनुज्ञा मी मागतो. बुडालेल्या जहाजांतून वर आलेल्या नाण्यांशी आपण सर्वजण, म्हणजे संग्राहक, सराफ, संग्रहालये आणि स्वतःस शास्त्राचे उपासक म्हणविणारे आम्ही, ज्या रीतीने वागत आलो आहोत, ती रीत मला अक्षम्य वाटते. समुद्राने शतकानुशतके जे एकत्र सांभाळले ते आपण एका दुपारी हातोड्याने फोडतो, तेजाबात धुतो, एकेक नाणे पाकिटात घालून विकतो आणि त्या व्यवहारास संग्रह असे नाव देतो.

उदाहरण आपल्याच टांकसाळीचे घेऊ. श्रीलंकेच्या आग्नेय किनाऱ्यासमोर ग्रेट बासेस या नावाने ओळखला जाणारा खडकांचा पट्टा आहे. १८७३ साली पुरा झालेला दीपस्तंभ त्यावर आजही उभा आहे. १९६१ सालच्या मार्च महिन्यात माइक विल्सन हे पाण्याखालचे छायाचित्रकार दोन अमेरिकन मुलांसह तेथे उतरले असता त्यांना तोफा आणि चांदीच्या रुपयांचे थिजलेले गठ्ठे सापडले. त्यांचे भागीदार आर्थर क्लार्क यांनी १९६४ साली ही हकीकत ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. जहाजाचे नाव निर्विवादपणे ठरलेले नाही. परंतु रुपये बोलके होते. ते औरंगजेबाचे, सुरत टांकसाळीत पाडलेले, हिजरी १११३ सालचे, म्हणजे इसवी सन १७०१-०२ चे. एकेका पिशवीत सुमारे हजार रुपये भरलेले होते. पिशवीचे कापड कुजून गेले, परंतु आतले रुपये क्षारांनी एकमेकांस जखडून पिशवीच्याच आकारात घट्ट झाले. ज्या हंगामात बादशहा विशाळगडास वेढा घालून बसला होता आणि परशुराम त्र्यंबक गड लढवीत होते, त्याच हंगामात त्याच्या नावाचा हा कोरा रुपया सुरतेहून समुद्रमार्गे निघण्याच्या तयारीत होता. मोखा आणि बसरा येथून आलेली चांदी, तसेच अमेरिकेच्या खाणींतून निघून स्पॅनिश नाण्यांच्या रूपाने पूर्वेस पोहोचलेली चांदी सुरतेच्या मुशीत वितळून असे रुपये होत. दख्खनच्या डोंगरात चाललेले युद्ध आणि हिंदी महासागरातला व्यापार यांची सांगड घालणारा याहून मूर्त पुरावा मला ठाऊक नाही.

त्यांतला एक गठ्ठा वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेकडे गेला. सुटे झालेले कितीतरी रुपये जगभरच्या संग्रहांत पांगले. आता मी विचारतो, असा एक सुटा रुपया हातात घेऊन आपणांस नवीन काय कळते? सुरतेचा १११३ चा रुपया आपल्यापैकी अनेकांच्या कपाटात आधीपासूनच आहे. परंतु हजार कोऱ्या रुपयांची एक अखंड पिशवी ही निराळी चीज आहे. मोगल टांकसाळीत ठसा नेहमी रुपयाच्या चकतीपेक्षा मोठा असे, त्यामुळे प्रत्येक रुपयावर ठशाचा एखादाच तुकडा उमटतो आणि पुरा ठसा डोळ्यांपुढे आणावयाचा तर एकाच ठशाने पाडलेले अनेक रुपये एकमेकांशेजारी मांडावे लागतात. एका पिशवीतल्या हजार रुपयांत ठसे किती, दहा की पन्नास, याची मोजदाद केली की टांकसाळीत एका वेळी किती हात काम करीत होते, रुपये पाडताच पिशवीत जात की सराफाच्या पेढीवर आधी मिसळत, या प्रश्नांची उत्तरे मिळू लागतात. पिशवी फुटली आणि रुपये हजार घरांत गेले की हे प्रश्न कायमचे बंद होतात. पुढच्या कोणत्याही विद्वत्तेने ते उघडता येत नाहीत.

मी हे ग्रंथ वाचून बोलत नाही. तरुणपणी एका सरकारी संग्रहालयाच्या नाणी विभागात मी उमेदवारी करीत होतो. संग्रहालयाचे नाव घेण्याचे कारण नाही. अशी रीत त्या काळी सर्वत्रच होती. एका दिवंगत संग्राहकाच्या वारसांनी आणून दिलेल्या पेटीत, जुन्या कागदात गुंडाळलेला, समुद्रातून आलेला चांदीच्या नाण्यांचा एक गठ्ठा निघाला. दोन्ही ओंजळींत जेमतेम मावेल एवढा, वजनाला त्याच्या आकारमानाच्या मानाने फार भारी, एका अंगाने काळा आणि दुसऱ्या अंगाने चुन्यासारख्या पांढुरक्या कवचाने माखलेला. भिंग घेऊन मी त्याच्यापाशी बसलो तेव्हा त्या कवचावर कापडाचा ताणाबाणा जसाच्या तसा उमटलेला दिसला: साधी वीण, जाडसर सूत, एका कडेला दुहेरी दुमडून घातलेली शिवण. गठ्ठ्याच्या निमुळत्या टोकाशी दोरीच्या दोन वेढ्यांची खोल खाच होती आणि त्या खाचेत मोहरीएवढा तांबडा कण अडकलेला होता. तो लाखेचा होता. पिशवीचे तोंड बांधून त्यावर कोणी मोहोर केली होती. पेढीवाल्याने केली असेल, कंपनीच्या गुमास्त्याने केली असेल, सरकारी पोतदाराने केली असेल. त्या खाचेच्या तळाशी त्या मोहोरेचा अवशेष आणखी असण्याची पूर्ण शक्यता होती.

मी धावत जाऊन वरिष्ठांस सांगितले. ते सज्जन गृहस्थ होते, परंतु सोमवारी कोणी बडे पाहुणे संग्रहालय पाहावयास येणार होते आणि त्यांना समुद्रातले रुपये दिसले पाहिजेत, दगड दिसता कामा नये, असा हुकूम झाला. गठ्ठा तेजाबाच्या पात्रात गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मखमलीवर रुपये ओळीने मांडले गेले. चकचकीत, देवीच्या वणांसारखे खड्डे पडलेले, अक्षरे अर्धी झिजलेली. कापड गेले, शिवण गेली, दोरी गेली, लाख मोरीतून वाहून गेली. आदल्या रात्री मी पेन्सिलीने काढलेले एक चित्र तेवढे उरले. ते आजही माझ्यापाशी आहे आणि ज्यांना पाहावयाचे असेल त्यांना मी ते दाखवीन. त्या दिवसापासून समुद्रातले नाणे स्वच्छ करून मांडलेले पाहिले की मला आनंद होत नाही.

गेल्या अधिवेशनात आपल्या दोन मान्यवर सहकाऱ्यांत एक वाद रंगला होता. औरंगजेबाच्या अखेरच्या वर्षांतला सुरतेचा रुपया वजनाला हलका होता, असे एकाचे म्हणणे. दुसऱ्याने ते खोडून काढले. दोघांनीही आकडे सादर केले आणि पहिल्या पक्षाचे बरेचसे आकडे समुद्रातून आलेल्या, स्वच्छ केलेल्या रुपयांचे होते. या वादाचा निकाल माझ्या मते तराजूने केव्हाच लावलेला आहे. एका स्नेह्याच्या संग्रहात, माझ्या हाती येण्याआधीच दुभंगलेला एक गठ्ठा होता. त्याच्या सालीवरचा एक रुपया आणि गाभ्यातला एक रुपया त्यांच्याच पेढीवरच्या काट्यावर मी तोलला. गाभ्यातला रुपया साडेअकरा ग्रॅमच्या जवळ, पुरा भरला. सालीवरचा मासाभराहून अधिक हलका. खारे पाणी चांदीवर प्रथम बाहेरून काम करते, तिचा थर क्षारात पालटते, आणि तेजाब तो थर खरवडून नेते. जी घट समुद्राने आणि आपल्या तेजाबाने केली तिचा आळ आपण सुरतेच्या टांकसाळीवर घेत आहोत. गठ्ठ्यात नाणे कोठे होते हे ज्याला सांगता येत नाही, त्याने त्याचे वजन कोष्टकात भरू नये, एवढेच माझे म्हणणे आहे, आणि त्यावर मी तडजोड करणार नाही.

आता अधिक दुःखद प्रकरण. १९४२ च्या ऑक्टोबरात सिटी ऑफ कैरो हे जहाज मुंबई बंदरातून निघाले. डर्बन आणि केपटाउन घेऊन ते ब्राझीलमार्गे इंग्लंडास जावयाचे होते. त्याच्या पोटात सुमारे १०० टन चांदीचे रुपये होते, इंग्रज सरकारच्या खजिन्याचे. ६ नोव्हेंबर रोजी सेंट हेलेना बेटाच्या दक्षिणेस जर्मन पाणबुडीने ते बुडविले. त्या जहाजावरचे कितीतरी खलाशी आपल्या देशाचे होते. होड्यांतून उन्हातान्हात आणि तहानेने जे मेले त्यांत ते होते, हे रुपयांविषयी बोलताना विसरून चालणार नाही. सुमारे ५१५० मीटर खोलीवर सत्तर वर्षे पडून राहिलेले हे रुपये या शतकाच्या दुसऱ्या दशकात वर काढण्यात आले, २०१५ साली ती बातमी जाहीर झाली, आणि तिच्याबरोबरच हेही जाहीर झाले की ते वितळवून विकण्यात आले आहेत.

मित्रहो, आपण यात काय गमावले याचा हिशेब मी मांडतो. १९४० साली सरकारने रुपयातली चांदी निम्म्यावर आणली आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत व्हिक्टोरिया, सातवा एडवर्ड यांचे चोख चांदीचे रुपये चलनातून काढून घेतले. कोणत्या साली किती रुपये पाडले हे टांकसाळीचे अहवाल आपणांस सांगतात; परंतु लोकांनी किती वितळवून दागिने केले, किती पुरले, किती खरोखर बाजारात फिरत राहिले, हे कोणताही अहवाल सांगत नाही. एकाच दिवशी एकाच बंदरातून निघालेला शंभर टनांचा ऐवज हा त्या प्रश्नावरचा साक्षीदार होता. त्या सबंध राशीची मोजदाद करण्याची गरज नव्हती. काही पेट्या उघडून, त्यांतले रुपये सालवार, टांकसाळवार लावून, झीज तोलून एक फेरिस्त केली असती तर देशाच्या चलनाचा अर्धशतकाचा इतिहास हाती आला असता. तशी फेरिस्त कोणी केली असल्यास ती माझ्या पाहण्यात नाही. आणि आपल्या क्षेत्रातून तिची मागणी करणारे एक पत्रही गेल्याचे माझ्या ऐकिवात नाही. सहामाही अंकांत आपण एका दुर्मीळ अक्षरभेदावर पानेच्या पाने खर्च करीत होतो, त्याच काळात मुंबईचा हा खजिना मुशीत गेला. याचा मला राग आहे, आणि तो मी लपवीत नाही.

कोणी म्हणेल, नाणी एकाच छापाची, एकाच सालाची असतील तर फेरिस्तीचे प्रयोजन काय? हे विधान गेल्या वर्षी याच सभागृहात ॲडमिरल गार्डनर जहाजाच्या तांब्याच्या नाण्यांविषयी ऐकले. १८०९ च्या जानेवारीत इंग्लंडच्या केंट परगण्यासमोरच्या गुडविन वाळूच्या दांड्यांवर ते जहाज फुटले. मद्रास इलाख्यासाठी बर्मिंगहॅमजवळच्या मॅथ्यू बोल्टनच्या सोहो टांकसाळीत पाडलेली, १८०८ सालची दहा आणि वीस कॅशची नाणी पिपांत भरून ते हिंदुस्थानाकडे निघाले होते. गेल्या शतकाच्या नवव्या दशकात त्यांतली लाखो नाणी वर आली. एका बाजूला कंपनीचे चिन्ह, दुसऱ्या बाजूला फारसी अक्षरांत किंमत, असे हे नाणे आज नवशिक्या संग्राहकाच्या अल्बमातही असते, आणि मला त्याचा संतोष आहे. मद्रासच्या बाजारात जे कधी पोहोचलेच नाही ते तांबे एखाद्या शाळकरी मुलाच्या हाती येते आणि त्याला इतिहासाची गोडी लागते. परंतु त्या मुलाला जो दाखला मिळतो त्यावर जहाजाचे नाव असते, आणि बहुधा तेवढेच असते. कोणते पीप, पिपातला कोणता थर, शेजारी दहा कॅशचे नाणे होते की वीसचे, बाहेरच्या कवचात पिपाच्या फळीचा किंवा लोखंडी कड्याचा ठसा होता काय, हे त्यावर नसते. टांकसाळीने माल कसा भरला, मोजून की तोलून, हे कागदोपत्रांवरून कळेल तेवढे कळेल. प्रत्यक्ष पिपावरून ते पडताळून पाहण्याची संधी प्रत्येक फुटलेल्या गठ्ठ्याबरोबर कमी होत जाते.

सबंध ऐवज एकत्र राखला तर काय साधते तेही पाहा. नामिबियाच्या किनाऱ्यावर ओरान्येमुंड येथे २००८ साली हिऱ्यांच्या खाणीत एक पोर्तुगीज जहाज सापडले. हिंदुस्थानाकडे निघालेले, १५३३ साली हरवलेले बोम जेझुस तेच असावे असे विद्वान मानतात. दोन हजारांहून अधिक सोन्याची नाणी, बहुतांश स्पेनची, परंतु तिसऱ्या जोआंवच्या काळातली काही मोजकी पोर्तुगीज नाणीही त्यांत होती. ही पोर्तुगीज नाणी १५२५ ते १५३८ या मर्यादित काळातच पाडली गेल्याने जहाजाचा काळ त्या चौकटीत बसविता आला. बाजारात त्यांतली स्पॅनिश नाणी एकीकडे आणि पोर्तुगीज नाणी दुसरीकडे गेली असती तर हा धागा कोणाच्या हाती लागला असता? ओमानच्या अल हल्लानियाह बेटापाशी वास्को द गामाच्या दुसऱ्या आरमारातले, १५०३ साली बुडालेले जहाज सापडले, त्यात पहिल्या मानुएलच्या चांदीच्या इंदिओ नाण्याचा दुसराच ज्ञात नमुना निघाला. हिंदुस्थानच्या व्यापारासाठीच पाडलेले ते नाणे आपल्याकडे जाणाऱ्या जहाजाच्या सांगाड्यात, आपल्या जागी सापडले, म्हणून त्याची साक्ष मोलाची.

आता संग्राहकांवर बंदी घालावी काय, हा आपल्यातला जुना तंटा. एक पक्ष म्हणतो, समुद्रातले नाणे विकत घेणारा प्रत्येकजण चोरीस उत्तेजन देतो. दुसरा म्हणतो, संग्राहकाने घेतले नाही तर सोनार वितळवील. दोन्ही पक्षांत सत्यांश आहे, परंतु माझा निर्णय मी कोकणात एका वृद्ध खारव्याच्या अंगणात घेतला. त्याच्या जाळ्यात तांब्याच्या नाण्यांचा हिरवट गोळा आला होता. आधी आलेल्या दलालाने त्याला सांगितले होते की चिंचेच्या कोळात घालून नाणी सुटी कर, म्हणजे नगास भाव मिळेल. मी त्याला सांगितले की गोळा आहे तसा, गोड्या पाण्याच्या बादलीत ठेव, पाणी बदलत राहा, उन्हात वाळवू नकोस, कारण आतले मीठ सुकून फुलले की नाण्याचे पापुद्रे सुटतात. आणि ज्या जागी जाळे अडकले ती जागा मला सांग. तो बराच वेळ बोलला नाही. पोलिसांचे भय होते. मग त्याने देवळाचा कळस आणि बेटाचे टोक कोणत्या रेषेत दिसत होते, पाणी किती वाव होते, जाळे वर येताना आणखी काय आले, हे सर्व सांगितले. त्याच्या मुलाने ते वहीत लिहून घेतले. तो गोळा पुढे रीतसर पंचनामा होऊन सरकारात जमा झाला, आणि खारव्यास योग्य मोबदला मिळावा म्हणून मी जे अर्ज केले त्यांतला एक अखेरीस मंजूर झाला. बंदीने तो माणूस मुका झाला असता, आणि दलालाने गोळा निकामी केला असता. मोबदला जागेच्या माहितीला द्या, अखंडपणाला द्या. चकाकीला एक पैसाही देऊ नका.

कायद्याविषयी एवढेच सांगतो की १८७८ सालचा निखात निधीचा कायदा जमिनीत दडलेल्या ठेव्यासाठी लिहिला गेला. समुद्राच्या तळाशी पडलेल्या ऐवजाचा विचार त्याच्या कर्त्यांनी केलेला नव्हता. पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याची पाण्याखालील शाखा २००१ पासून आहे, गोव्याच्या समुद्रविज्ञान संस्थेने सुंची खडकापाशी बुडालेल्या पोर्तुगीज जहाजाचे काम केले आहे. माणसे आहेत, विद्या आहे. कोळ्याच्या अंगणापासून त्या माणसांपर्यंतचा रस्ता मात्र नाही, आणि तो तयार करण्याचे काम आपल्यासारख्या परिषदेचे आहे.

त्यासाठी या परिषदेने समुद्रातून आलेल्या नाण्यांची एक स्वतंत्र फेरिस्त सुरू करावी, किनाऱ्यावरच्या गावांसाठी आणि सराफांसाठी मराठीत एक लहान पुस्तिका काढावी, आणि गठ्ठ्यांच्या जतनाविषयी सल्ला देणारे एक मंडळ नेमावे, अशी माझी सूचना आहे. पैसा कोठून येईल, मंडळात कोण असतील, याचा तपशील चिटणीसांशी बोलून पुढे ठरविता येईल.

सभागृहाबाहेर ज्या व्यापारी बंधूंनी टेबले मांडली आहेत त्यांतल्या एकावर सकाळी मी चार-पाच नाणी चिकटून असलेला तांब्याचा एक तुकडा पाहिला. ज्यांच्याकडे तो आहे त्यांना माझी जाहीर विनंती आहे की या तीन दिवसांत कोणी कितीही आग्रह केला तरी तो फोडू नये. ज्यांच्या घरी असे अखंड तुकडे असतील त्यांनी भोजनाच्या सुटीत माझ्याकडून एक छापील पत्रक न्यावे. नाव लिहिण्याची सक्ती नाही, परंतु तुकडा कोणाकडून आला, केव्हा आला, कवचासह वजन किती भरते आणि पृष्ठभागावर कापड, लाकूड किंवा दोरी यांची खूण दिसते काय, एवढे भरून ते उद्या संध्याकाळपर्यंत चिटणीसांच्या हाती द्यावे.